घरगुती व्यायामयंत्रांची परीक्षा

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दुपारी किंवा रात्री उशिरा एका ठराविक धाटणीची जाहिरात दिसते. प्रथम पोट सुटलेला एक मनुष्य खिन्न चेहऱ्याने आरशापुढे उभा असतो. मग एक यंत्र पुढे येते. कधी तो कंबरेला गुंडाळण्याचा पट्टा असतो, कधी पाय ठेवून निजले की पाय डोलविणारी पेटी असते, कधी गुडघे टेकून फिरण्याची तबकडी असते. क्षणार्धात तोच मनुष्य सडपातळ व हसतमुख होऊन परत येतो. दिवसाकाठी काही मिनिटांचा वापर पुरे, आहारात बदल नको, थकवा नाही, आणि समाधान न झाल्यास पैसे परत, अशी आश्वासने देऊन शेवटी दूरध्वनीचा क्रमांक दाखविला जातो.

अशा यंत्रावर खर्च होणारी रक्कम मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला लहान नसते. परंतु पैशाचा अपव्यय हे नुकसानाचे एकच अंग होय. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या उंबरठ्यावर असलेला मनुष्य यंत्रावर विसंबून चालणेफिरणे लांबणीवर टाकतो, तेव्हा त्याची अधिक मोठी हानी होते. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंदीगड येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५४.४ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल न करणारे आढळले. निम्म्याहून अधिक लोकांना ज्या गोष्टीची खरी गरज आहे, तिच्याऐवजी तिचा आभास विकला जात असेल, तर तो ओळखता येणे आवश्यक आहे.

त्यासाठी वैद्यकाचे सखोल ज्ञान लागत नाही. तीन प्रश्न क्रमाने विचारले म्हणजे बहुतेक यंत्रांची परीक्षा होते. पहिला प्रश्न, काम कोण करते? दुसरा, ऊर्जेचा हिशेब जुळतो काय? तिसरा, जाहिरातीतील फळ कशाशी तुलना करून दाखविले आहे?

जुनी कल्पना, नवा पडदा

श्रमावाचून व्यायामाचे फळ देणारे यंत्र ही कल्पना दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुनी आहे. स्वीडनमधील वैद्य गुस्ताव झांडर (१८३५–१९२०) यांनी १८६५ साली स्टॉकहोम येथे यांत्रिक व्यायामोपचारांची संस्था स्थापन केली. त्यांच्या काही यंत्रांवर रुग्णाला तरफ व वजन यांविरुद्ध स्वतः जोर लावावा लागे. दुसऱ्या काही यंत्रांत मात्र रुग्ण स्वस्थ बसून राही, आणि बाहेरच्या शक्तीने चालणारे यंत्र त्याचे अंग हलवी, चोळी किंवा थरथरवी. १८७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोठ्या प्रदर्शनात ही यंत्रे मांडली गेली. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेत विजेवर हलणारे घोडा व उंट होते. विसाव्या शतकाच्या मध्यास कंबरेभोवती थरथरणारा पट्टा अनेक पाश्चात्त्य व्यायामशाळांत दिसू लागला.

अमेरिकेत १९८४ साली दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेची मर्यादा उठविण्यात आली, आणि संपूर्ण कार्यक्रमाचेच रूप घेतलेल्या लांबलचक जाहिराती सुरू झाल्या. भारतात दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून येऊ लागल्या. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांचा प्रसार झाला, आणि पुढील काही वर्षांत दूरध्वनीवरून माल मागविण्याचे कार्यक्रम भारतीय भाषांतूनही दिसू लागले. यंत्रांची रूपे व नावे बदलत गेली, तरी झांडर यांच्या काळचे दोन वर्ग आजही कायम आहेत. एका वर्गात माणूस यंत्राला हलवितो, तर दुसऱ्यात यंत्र माणसाला हलविते.

पहिला प्रश्न : काम कोण करते?

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला ऊर्जा लागते. ती शरीरातील शर्करा व मेद यांच्या ज्वलनातून मिळते आणि त्या ज्वलनासाठी प्राणवायू खर्च होतो. एक लिटर प्राणवायू वापरला गेला, म्हणजे सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली असे धरतात. या किलोकॅलरीलाच आहारविषयक लेखनात उष्मांक म्हणण्याचा प्रघात आहे. प्रयोगशाळेत माणसाच्या तोंडावर मुखवटा बसवून त्याने वापरलेला प्राणवायू मोजता येतो, आणि कोणत्या कामाला किती ऊर्जा लागली हे ठरविता येते. प्राणवायू पोचविण्यासाठी हृदयाचे ठोके व श्वास वाढतात. म्हणून साधने नसताना नाडी व श्वास यांवरूनही श्रमाचा स्थूल अंदाज बांधता येतो.

व्यायामाचा दुसरा परिणाम स्नायूच्या बळावर होतो. नेहमीच्या कामापेक्षा काहीसे अधिक काम वारंवार पडले, तरच स्नायू बळावतो. तालमीतील पैलवान जोरबैठकांची संख्या हळूहळू वाढवीत नेतो व हलक्या मुद्गलांवरून जड मुद्गलांवर जातो, त्यामागे हेच तत्त्व आहे. कामाची पायरी वाढली नाही, तर बळही एका ठिकाणी थांबते.

आता थरथरणारा पट्टा किंवा पाय डोलविणारी पेटी यांचा विचार करावा. येथे हालचाल भरपूर दिसते. परंतु ती घडविण्यासाठी लागणारी ऊर्जा भिंतीतील विजेच्या जोडणीतून येते, माणसाच्या स्नायूंतून नव्हे. बैलगाडीत बसून दहा कोस गेलेल्या माणसाने अंतर कापले असले, तरी चालण्याचे श्रम बैलांचेच असतात. अशा यंत्राने अंगाला सुखद वाटेल, आखडलेले सांधे थोडे सैल होतील, आणि आजाऱ्याच्या उपचारात वैद्याच्या देखरेखीखाली त्याचा उपयोगही असू शकेल. परंतु थरथरण्याने मेद फुटून विरघळतो, या कल्पनेला आधार नाही. मेद म्हणजे डबक्यात साचलेला चिखल नव्हे, की तो ढवळून मोकळा करावा. तो पेशींत साठविलेला इंधनाचा साठा होय, आणि इंधनाची मागणी वाढली तरच तो खर्च होतो.

येथे एक सावधगिरी राखावी. विजेवर चालणारे प्रत्येक यंत्र निरुपयोगी असते असे नाही. ट्रेडमिलचा पट्टा विजेवर फिरतो, तरी त्यावर पडू नये म्हणून माणसाला स्वतःच चालावे किंवा धावावे लागते. म्हणून यंत्राला मोटार आहे की नाही, हे पाहण्यापेक्षा माणसाचे स्नायू काम करतात की नाही, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

दुसरा प्रश्न : हिशेब जुळतो काय?

अमेरिकेत विकल्या गेलेल्या ‘अॅब सर्कल प्रो’ या यंत्राचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. त्यावर गुडघे टेकून व मूठ धरून शरीर डावीउजवीकडे फिरवावयाचे असे. दिवसातून ३ मिनिटांचा हा व्यायाम उताणे पडून उठण्याच्या १०० व्यायामांच्या, म्हणजे १०० सिटअपच्या, बरोबरीचा आहे आणि दोन आठवड्यांत १० पौंड वजन उतरते, असे दावे जाहिरातींत करण्यात आले होते. हे दावे कागदावरच तपासून पाहता येतात.

दहा पौंड म्हणजे सुमारे ४.५ किलोग्रॅम. शरीरातील एक किलोग्रॅम मेदाच्या साठ्यात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे ४.५ किलोग्रॅम मेद खर्च होण्यासाठी जवळजवळ ३५,००० किलोकॅलरींची तूट पडली पाहिजे. ती १४ दिवसांत विभागली, तर रोजची तूट २,५०० किलोकॅलरी होते. बैठे काम करणाऱ्या अनेक प्रौढांचा संपूर्ण दिवसाचा खर्चही इतका नसतो.

आता यंत्राची बाजू पाहू. स्वस्थ बसलेला मनुष्य वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे तासाला सुमारे १ किलोकॅलरी खर्च करतो. भरभर चालताना हा खर्च सुमारे चौपट, आणि धावण्यासारख्या जोरकस व्यायामात सुमारे आठपट होतो. यंत्राचा व्यायाम धावण्याइतका जोरकस आहे असे उदारपणे गृहीत धरले, तरी ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य ३ मिनिटांत केवळ २४ किलोकॅलरी खर्च करील. चौदा दिवसांचा एकूण खर्च ३३६ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ४४ ग्रॅम मेद. दावा साडेचार किलोग्रॅमचा आणि हिशेब चव्वेचाळीस ग्रॅमचा, म्हणजे दोहोंत शंभरपटीचे अंतर आहे. रोज २,५०० किलोकॅलरी केवळ या यंत्रावर खर्च करावयाच्या, तर दररोज पाच तासांहून अधिक वेळ धावण्याच्या जोराने ते फिरवीत राहावे लागेल.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हे दावे फसवे असल्याचा आरोप ठेवला. २०१२ साली झालेल्या तडजोडीनुसार विक्रेत्यांनी ग्राहकांना परत करावयाची रक्कम दीड ते अडीच कोटी डॉलर ठरली. वरील हिशेब मात्र कोणत्याही शाळकरी विद्यार्थ्याला खरेदीपूर्वीच दहा मिनिटांत करता आला असता.

वजन कमी होणे आणि मेद कमी होणे या गोष्टीही एक नव्हेत. रबरी किंवा प्लास्टिकचे वस्त्र व घाम आणणारा पट्टा वापरल्यावर काट्यावरील आकडा खरोखर खाली येतो. परंतु गेलेले वजन पाण्याचे असते. एक लिटर घाम गेला की एक किलोग्रॅम वजन घटते, आणि पाणी प्यायले की ते परत येते. हा प्रकार केवळ निरर्थकच नव्हे, तर धोक्याचाही आहे. घामाचे बाष्पीभवन रोखले गेले म्हणजे शरीराला थंड होता येत नाही. १९९७ साली अमेरिकेत वजनगटात बसण्यासाठी घाम गाळून झपाट्याने वजन उतरवू पाहणारे महाविद्यालयांतील तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने अशा वस्त्रांवर बंदी घातली.

मेद कोठून खर्च होतो?

पोटाच्या यंत्रांमागे आणखी एक समजूत उभी असते. ज्या जागेचा व्यायाम करावा तेथीलच मेद कमी होतो, अशी ती समजूत होय. तिची परीक्षा अनेक वेळा झाली आहे. अमेरिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेनिसपटूंचे दोन्ही हात तपासण्यात आले. टेनिसपटूचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक काम करतो. त्या हाताचे स्नायू अधिक भरदार आढळले, परंतु कातडीखालील मेदाची जाडी दोन्ही हातांवर सारखीच भरली.

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात सहभागी झालेल्या पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिटअप काढले. प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर त्यांच्या पोटातील, पाठीवरील व नितंबावरील मेदपेशींचे नमुने सुईने काढून मोजण्यात आले. तिन्ही ठिकाणच्या पेशी सारख्याच प्रमाणात लहान झाल्या होत्या. पोटाच्या वाट्याला काही विशेष आले नव्हते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४ स्त्रीपुरुषांपैकी एका गटाने सहा आठवडे केवळ पोटाचे व्यायाम केले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंची चिकाटी वाढली, पण पोटावरील मेद घटला नाही.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. मेदपेशींतून सुटलेली मेदाम्ले रक्तात मिसळतात आणि रक्तावाटे सर्व शरीरात फिरतात. काम करणारा स्नायू आपले इंधन मुख्यतः या सामाईक प्रवाहातून व स्वतःच्या अंतर्गत साठ्यातून घेतो. घरातील एक नळ उघडला, म्हणून टाकीचा नळाजवळचाच कोपरा रिकामा होत नाही. अलीकडच्या काही लहान प्रयोगांत दीर्घकाळ केलेल्या जोरकस व्यायामाने जवळच्या भागात किंचित अधिक मेद खर्च झाल्याचे आढळले असून त्याची पडताळणी चालू राहील. तथापि काही मिनिटांत कंबर बारीक करण्याच्या दाव्याला त्यातूनही आधार मिळत नाही.

विजेच्या पट्ट्यांचा धडा

स्नायूला विजेचा सौम्य झटका दिला, तर तो इच्छेवाचून आकुंचन पावतो. दुखापतीनंतर दुबळ्या झालेल्या स्नायूंच्या उपचारात या गुणधर्माचा योग्य उपयोग करतात. परंतु विक्रेत्यांनी त्याचा फार मोठा विस्तार केला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत ‘रिलॅक्सॅसायझर’ नावाचे असे यंत्र सुमारे चार लाख लोकांना विकले गेले. अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध चालविलेल्या खटल्यात हृदयविकार, अपस्मार इत्यादी व्याधी असलेल्यांना त्यापासून धोका असल्याची साक्ष झाली, आणि १९७० साली न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीस मनाई केली. पुढे २००२ साली संघीय व्यापार आयोगाने पोटाला बांधण्याच्या तीन विद्युत्पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर कारवाई सुरू केली. त्यांतील एका पट्ट्याची १० मिनिटे ६०० सिटअपच्या बरोबरीची असल्याची जाहिरात होती.

त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील संशोधकांनी एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातील २७ विद्यार्थ्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, स्नायूंना विजेची उत्तेजना देण्यात आली. दुसऱ्या गटालाही तशीच साधने बांधली गेली, परंतु त्यांतून उत्तेजना दिली गेली नाही. शेवटी वजन, मेदाचे प्रमाण, स्नायूंचे बळ व बाह्य रूप यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

तेथीलच संशोधकांनी २००५ साली अधिक प्रभावी यंत्राचा प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस जणांनी आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस ते पोटावर वापरले, आणि १६ जणांचा गट तुलनेसाठी ठेवला होता. या वेळी पोटाच्या स्नायूंचे बळ सरासरी ५८ टक्क्यांनी वाढले आणि कंबरेचा घेरही काहीसा उतरला. परंतु शरीराचे वजन व कातडीखालील मेद यांत फरक पडला नाही.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. यंत्र, प्रवाहाचा जोर व वापराचे प्रमाण बदलले की फळही बदलते. म्हणून ‘विजेचे पट्टे चालतात काय?’ असा मोघम प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. कोणते यंत्र, किती वापरल्यावर, कशावर, किती परिणाम करते, असे स्पष्ट विचारावे लागते. स्नायू बळकट होणे हा एक दावा आहे आणि मेद घटणे हा दुसरा. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या पुराव्याऐवजी चालत नाही. जाहिरातीत मात्र दोहोंची सरमिसळ नेहमी आढळते.

तिसरा प्रश्न : तुलना कशाशी?

जाहिरातीतील मुख्य पुरावा म्हणजे ‘पूर्वीचे’ आणि ‘नंतरचे’ छायाचित्र. प्रकाशाची दिशा, उभे राहण्याची ढब, पोट आत ओढणे, कपड्यांचा कस, यांनी एकाच दिवशी घेतलेल्या दोन छायाचित्रांत केवढा तरी फरक दाखविता येतो. छायाचित्रे खरी असली तरी प्रश्न उरतोच. त्या माणसाने यंत्राबरोबर मिताहारही केला असेल, रोज चालण्यासही आरंभ केला असेल. पडद्याच्या तळाशी क्षणभर झळकणाऱ्या बारीक अक्षरांत ‘योग्य आहार व नियमित व्यायाम यांसह’ असे शब्द पुष्कळदा असतात. ते शब्द लक्षपूर्वक वाचले, तर फळाचे श्रेय आहार व व्यायाम यांनाच द्यावे लागेल. यंत्राचा वाटा किती, हे त्यातून समजत नाही.

समाधानी ग्राहकांच्या मुलाखतींचेही तसेच आहे. हजार जणांनी यंत्र घेतले आणि त्यांपैकी दहा जण काही कारणाने सडपातळ झाले, तर पडद्यावर ते दहाच येतात. उरलेल्या नऊशे नव्वदांचे काय झाले, हे प्रेक्षकाला कळत नाही. याउलट न्याय्य प्रयोगात सर्वांची मोजदाद होते, मध्येच सोडून गेलेल्यांचीही नोंद राहते. गट चिठ्ठ्या टाकून पाडतात, म्हणजे उत्साही लोक एकाच बाजूला जमत नाहीत. मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नसणे सर्वांत उत्तम.

तुलनेचा आणखी एक प्रकार खरेदीदाराच्या विशेष उपयोगाचा आहे. तो म्हणजे यंत्र आणि फुकटचा व्यायाम यांची तुलना. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो राज्य विद्यापीठात २००१ साली ३० जणांकडून पोटाचे १३ प्रकारचे व्यायाम करवून स्नायूंतील विद्युत्क्रिया मोजण्यात आली. पहिला क्रमांक उताणे पडून हवेत सायकल चालविल्याप्रमाणे पाय हलविण्याच्या व्यायामाचा लागला. त्यासाठी जमिनीवर अंथरलेली सतरंजी पुरते. जाहिरातीमुळे लोकप्रिय झालेले डोलणारे एक यंत्र मात्र साध्या सिटअपसारख्या व्यायामाच्याही पुष्कळ मागे पडले.

उपयोगी साधने कोणती?

वरील विवेचनावरून सर्वच घरगुती साधने त्याज्य आहेत असे समजू नये. उडी मारण्याची दोरी, वजने, ताणण्याचे रबरी पट्टे, जागच्या जागी चालविण्याची सायकल, वल्हविण्याचे यंत्र व ट्रेडमिल ही सर्व माणसाच्या स्नायूंकडून काम घेतात आणि पायरी वाढविण्यास वाव देतात. पावसाळ्यात बाहेर पडणे अशक्य असलेल्यास, रस्त्यावरील रहदारी किंवा प्रदूषण यांमुळे फिरता न येणाऱ्यास, किंवा घर सोडता न येणाऱ्या गृहिणीस त्यांचा चांगला उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. हे प्रमाण भरून काढण्यास जे साधन मदत करील ते उपयुक्त होय. अर्थात भरभर चालणे, जिना चढणे, सूर्यनमस्कार व जोरबैठका यांनीही ते भरून निघते.

साधन चांगले असले, तरी ते वापरले गेले पाहिजे. अनेक घरांतील सायकल काही महिन्यांतच कपडे वाळत घालण्याच्या कामी येते. म्हणून विकत घेण्यापूर्वी एखाद्या परिचिताचे किंवा व्यायामशाळेतील यंत्र काही आठवडे वापरून पाहणे शहाणपणाचे ठरते. ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यापासून लहान मुलांना दूर ठेवावे. हृदयविकार असलेल्यांनी, हृदयाला विद्युत्साधन बसविलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी विजेचे झटके देणारी साधने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत.

कायद्याचे साहाय्य

भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना कायद्याने प्रतिबंध आहे. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ सालच्या कायद्याच्या सूचीत लठ्ठपणाचाही समावेश आहे. २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. २०२२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बारीक अक्षरांतील खुलाशाने जाहिरातीतील मुख्य दावा फिरविता येत नाही, आणि शिफारस करणाऱ्या नामवंताचे मत पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेले असावे लागते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा क्रमांक १९१५ असा आहे. जाहिरातीचे चित्रण, पावती व पैसे परत करण्याच्या अटी जपून ठेवल्या, तर तक्रार करणे सोपे जाते.

शाळेत करण्याजोगे प्रयोग

१. नाडीची परीक्षा : पाच मिनिटे स्वस्थ बसून एक मिनिट नाडी मोजावी. नंतर पाच मिनिटे दुसऱ्याकडून आपले हातपाय हलवून घ्यावेत व पुन्हा नाडी मोजावी. विश्रांतीनंतर पाच मिनिटे भरभर चालून तिसऱ्यांदा मोजावी. तिन्ही आकडे शेजारी मांडून कोणत्या वेळी स्नायूंनी काम केले ते ठरवावे. भीती, उकाडा व चहा यांमुळेही नाडी वाढते, हे ध्यानात ठेवावे.

२. मोजपट्टीची परीक्षा : एखाद्या शिक्षकाच्या कंबरेचा घेर पाच विद्यार्थ्यांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजावा. मग श्वास आत घेऊन व बाहेर सोडून मोजावा. कोणतेही यंत्र न वापरता आकड्यांत किती सेंटिमीटरांचा फरक पडतो, याची नोंद करावी.

३. पाण्याची परीक्षा : खेळाच्या तासापूर्वी, नंतर, आणि पुरेसे पाणी प्यायल्यावर एकाच काट्यावर व तेवढ्याच कपड्यांत वजन करावे. घटलेले वजन कशाचे होते, याचा विचार करावा.

प्रश्न

१. एका जाहिरातीनुसार रोज १० मिनिटांच्या वापराने महिन्यात ३ किलोग्रॅम मेद जातो. वरील रीतीने हिशेब करून दावा तपासा.

२. दोरीच्या उड्यांनी सहा आठवड्यांत दम वाढतो काय, हे पाहण्यासाठी वर्गातील ४० विद्यार्थ्यांचा न्याय्य प्रयोग कसा योजाल? गट कसे पाडाल, काय मोजाल, आणि मध्येच सोडून गेलेल्यांचे काय कराल?

३. दूरचित्रवाणीवरील एक जाहिरात पाहून तिच्यातील प्रत्येक दावा वेगळा लिहून काढा. त्यांपैकी कोणते मोजता येण्याजोगे आहेत, आणि कोणते मोघम आहेत?

जाहिरातीचा सूर मोहक असो वा अधिकारवाणीचा, तिच्यापुढे हे तीन प्रश्न ठेवण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली, तर तिचा उपयोग व्यायामयंत्रांपुरता राहणार नाही. ताकदीची भुकटी, केस वाढविणारे तेल, उंची वाढविणारी गोळी, अशा अनेक वस्तू याच मार्गाने घरात येतात. त्या प्रत्येक वेळी कागदपेन्सिल घेऊन बसणारी एक व्यक्ती घरात असली, तर ते घर पुष्कळ खर्चातून व पुष्कळ निराशेतून वाचेल.